गुळाच्या डब्याला कुलूप

"ताई, नमस्कार. अमळनेर तालुक्यात आमचं गाव. घरी मी, बायको, दोन मुलं आणि माय. मायचं वय ७७, शुगर नऊ वर्षांपासून. वडील जाऊन दीड वर्ष झालं, तेव्हापासून तिचं गोड खाणं वाढतच चाललंय. दिवसभर चहा, त्यात साखर, सोबत टोस्ट. नातवाला दुकानावर पिटाळून बिस्किटं मागवते. गोधडीच्या घडीत गुळाचा खडा सापडला. धाकटा भाऊ सुरतला असतो, तो येताना तिथल्या खव्या-तुपाच्या घारीचा डबा आणतो आणि स्वतःच्या हाताने तिला भरवतो. तो प्रेमळ, मी वाईट. गेल्या दोन महिन्यांपासून तर ती रात्री तीन-साडेतीनला उठून स्वयंपाकघरात जाते. परवा मी दिवा लावला तर हातात गूळ, अंग घामाने चिंब, हात थरथरताहेत. पकडली गेली म्हणून घाबरली असावी. म्हणते, 'रातले पोटमा खड्डा पडस रे, हातपाय कापतस.' सकाळी उपाशीपोटी शुगर १९० च्या पुढे येते. ही चोरून खाते हे मी डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी दिवाळीनंतर ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची गोळी रात्रीही सुरू केली. तरी सवय जाईना, म्हणून गूळ-साखर कपाटात ठेवून कुलूप लावलं. त्यावर ती म्हणाली, 'मन्हाच घरमा माले चोर म्हनस का रे?' चार दिवस झाले, माझ्याशी बोलत नाही. रात्रीची खिचडी दोन घास खाऊन ताट सारते. तीन महिन्यांची शुगर मात्र ७.१ आली, ते कसं हेही कळत नाही. तिची गोडाची सवय कशी सोडवू?"

भाऊ,

आधी उठा आणि ते कुलूप काढा. कारण सांगतेच, पण काढून या, मग पुढचं वाचा.

तुमचं पत्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही तुम्हाला दिसलं तेच दिसलं. म्हातारपण, एकटेपणा, जिभेचे चोचले, वैतागलेला मुलगा. अशी पत्रं मला दर महिन्याला येतात. दुसऱ्यांदा वाचताना मात्र 'घामाने चिंब' या दोन शब्दांपाशी अडकले. तुमच्या पत्रावर जानेवारीची तारीख आहे. पौषातली रात्र, तीनचा सुमार. या दिवसांत आपल्याकडे दोन गोधड्या अंगावर घेऊनही पाय गरम होत नाहीत, आणि तुमची माय घामाने भिजलीय? चोरी पकडली गेली म्हणून माणूस घाबरेल, ओशाळेल. पण तुम्ही दिवा लावला त्या क्षणी ती आधीच भिजलेली होती. हात आधीच थरथरत होते. आणि का उठते तेही तिने तुम्हाला स्वच्छ सांगितलंय. पोटात खड्डा पडतो, हातपाय कापतात.

मी डॉक्टर नाही. पण घरात शुगरचं माणूस पंधरा वर्षं सांभाळलंय, आणि ही लक्षणं ज्याने एकदा पाहिली तो विसरत नाही. अचानक भूक, घाम, थरथर, छातीत धडधड, कधी डोकं बधिर होऊन भलतंच बोलणं. रक्तातली साखर फार खाली गेली की असं होतं. ७० च्या खाली आकडा गेला की ती कमी समजतात, ५४ च्या खाली गेला तर मामला गंभीर. ग्लिमेपिराइड ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न आहे की नाही हे ती बघत नाही. सातला दोन घास खिचडी, त्यावर गोळी, मग रात्रभर उपास. त्यात वयाने मूत्रपिंडं मंदावलेली असली तर औषधाचा असर जास्त वेळ रेंगाळतो. अशा वेळी मध्यरात्रीनंतर शरीर साखर मागतं, आणि बाई उठून गुळाच्या डब्याकडे जाते. भाऊ, ज्याला तुम्ही चोरी म्हणता तो कदाचित तिने स्वतःवर केलेला उपचार असेल. म्हणून म्हटलं कुलूप काढा. एखाद्या रात्री ती उठली, डबा उघडला नाही, आणि तुम्हाला हाक मारायची नाही म्हणून तशीच येऊन आडवी झाली तर काय होईल, हे मी इथे लिहीत नाही.

आता बाकीचे आकडे लावून बघा. तीनला गुळाचा खडा पोटात गेला की सहा-सातला 'उपाशीपोटी' काढलेली शुगर उपाशीपोटीची राहतच नाही. ती १९० येणारच. तुम्ही डॉक्टरांना सांगितलं, चोरून खाते. खरंच सांगितलंत. पण कधी खाते, कुठल्या अवस्थेत खाते, ते राहून गेलं. त्यांनी आकडा पाहून रात्रीची गोळी वाढवली. गोळी वाढली तशी रात्रीची साखर आणखी खाली, तसा गूळ आणखी, तशी सकाळची शुगर आणखी वर. दोन महिन्यांपासून रात्रीचं उठणं, आणि गोळी दिवाळीनंतरची. जुळतंय ना? आणि ७.१ चं कोडंही इथेच सुटतं. एचबीएवनसी म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी. दिवसा २५० आणि रात्री ५५ असेल तरी सरासरी साजरीच दिसते. बोरी नदी सरासरी गुडघाभर आहे म्हणून कोणी पुरात उतरत नाही.

असंच असेल असं मी छातीठोक म्हणत नाही. रात्री घाम फुटायला छातीचं दुखणं, ताप, दुसरं काही कारण असू शकतं, आणि तेही अंगावर काढण्यासारखं नसतंच. पण खातरजमा करणं तुमच्या हातात आहे, आणि आजच. ग्लुकोमीटर घरात असेलच, नसेल तर गावातल्या आशाताईंना किंवा मेडिकलवाल्याला विचारा. आज रात्री ती उठली की आधी बोटाची तपासणी, मग जे काय ते. आकडा ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजा. पेढा नको, घारी नको. खवा-तूप असलं की साखर रक्तात उतरायला उशीर लागतो. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. वर आली नसेल तर पुन्हा तेवढीच. आली की भाकरीचा तुकडा, दूध, काहीतरी टिकणारं खायला द्या. ती शुद्धीवर नसेल, गिळत नसेल, तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

गोळी मनाने बंद करू नका, मनाने अर्धीही करू नका. सकाळी डॉक्टरांना फोन करून याच शब्दांत सांगा: 'रात्री तीनला घाम येतो, हात थरथरतात, जेवण दोन घास होतं, त्यावर रात्रीची गोळी चालू आहे.' आकडा असेल तर आकडा. जेवलीच नाही अशी रात्र आली तर गोळी द्यायची की नाही, हे आत्ताच विचारून ठेवा. मूत्रपिंडं कशी चालताहेत ते सांगणारी क्रिएटिनिनची तपासणी शेवटची कधी केली तेही विचारा. या वयात, इतर दुखणी असली तर, एचबीएवनसी ८ च्या आसपासही चालू देतात, कारण म्हाताऱ्या माणसाला थोड्या वाढलेल्या साखरेपेक्षा एकदम घसरलेली साखर जास्त घातक. पडणं, खुब्याचं हाड मोडणं, इथून सुरुवात होते. आणि हो, शेजारपाजारच्या सांगण्यावरून कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड असं काही चालू असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. गोळीवर त्याची भर पडू शकते.

इतकं झालं की तुमचा मूळ प्रश्न निम्मा उरेल. उरलेला निम्मा खरा आहे, तो झटकून टाकत नाही. दिवसाची साखर जास्तच होतेय.

पण ती कुठून होतेय हे एकदा मोजा. तुम्ही गूळ पकडलात, बिस्किटं पकडलीत. चहाचे कप किती, ते पत्रात नाही. 'दिवसभर' एवढंच लिहिलंय. धरू या पाच. आपल्याकडे चहात साखर वरून घालत नाहीत, पातेल्यातच उकळते, आणि हात सैल असतो. कपाला दोन चमचे धरले तरी दहा चमचे, म्हणजे चाळीस-पन्नास ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना धडधाकट माणसालाही दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत राहणं बरं असं सांगते. गोधडीतला गुळाचा खडा या हिशेबात किरकोळ आहे हो. आणि ही पातेल्यातली साखर रोज कोण घालतं? तुमच्याच घरात, उघड्यावर, सगळ्यांसमक्ष.

तेव्हा पातेल्यापासून सुरू करा. तिच्या एकटीपुढे फिक्का चहा ठेवायचा आणि आपण गोड प्यायचा, हे करू नका. तो अपमान आहे आणि तो तिला बरोबर कळतो. सगळ्या घराचा चहा कमी गोड करा. आठवड्याला अर्धा चमचा कमी. जिभेला सवय होते, कोणाच्या लक्षातही येत नाही. तुमच्या मुलांचंही भलं होईल. कप लहान घ्या, टोस्ट एकावर आणा. 'शुगर-फ्री' लिहिलेली बिस्किटं आणून समाधान मानू नका, मैदा आणि तूप त्यातही तेवढंच. आणि गूळ चालतो, साखर चालत नाही, हे जे गावोगाव सांगतात ना, ते डोक्यातून काढून टाका. गुळात थोडी खनिजं असतात, पण रक्तात गेल्यावर तो साखरेचा सख्खा भाऊ.

मग तिला भूक का राहते ते बघा. मायला दात आहेत का? पत्रात नाही, म्हणून विचारते. दात नसले, कवळी टोचत असली की म्हातारी माणसं भाकरी सोडतात आणि चहात बुडवून मऊ होतं ते खातात. टोस्ट, खारी, बिस्किट. घरच्यांना वाटतं गोडाची आवड. वय झालं की नाकाची जाण जाते, जिभेची उतरते, भाजी पांचट लागते. गोड तेवढं अजून कळतं. म्हणून जेवणाची चव वाढवा. दादर ज्वारीच्या किंवा कळण्याच्या भाकरीचा गरम भाजीच्या रशात काला करून द्या. कळण्यात उडीद असतो, भूक धरून ठेवतो. फुणके मऊ असतात, वाफवलेली डाळच ती, दात नसला तरी चालतात. गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी जात्याच गोडसर, वर दाण्याचं कूट, लिंबू पिळून. खिचडीच असेल तर डाळ जास्त, तांदूळ कमी. आपल्याकडे रात्रीची खिचडी म्हणजे जेवण आटोपण्याचा प्रकार झालाय, आणि तुमची माय तर तीही दोन घासांवर सोडते. झोपण्याआधी कपभर बिनसाखरेचं दूध आणि अर्धी पोळी, हे डॉक्टरांना विचारून ठरवा.

आता गुळापलीकडचं थोडं.

तुमची माय लग्न होऊन आली तेव्हा त्या घरात गोड कधी होत असेल? आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दिवाळीला, कानबाईच्या रोटांना, एखाद्या लग्नात. खापरावरची पुरणपोळी दिवसभर भाजायची ती या बायकांनीच. चुलीसमोर, वैशाखात, पंचेचाळीस अंशांच्या झळा बाहेर आणि जाळ आत. ताटं पडायची ती आधी पुरुषांची, मग पाहुण्यांची, मग पोरांची. बायका बसायच्या तेव्हा रसाच्या पातेल्याला तळ दिसत असायचा. माझ्या आईने तर अख्खी पोळी स्वतःच्या ताटात घेतलेली मी पाहिलीच नाही. तुकडे असायचे, फाटलेले, करपलेले. अशी बाई ७७ व्या वर्षी, जिने वाढायचं तो माणूस गेल्यावर, भेलीचा खडा फोडून तोंडात टाकते. तिला गोड आवडतं हे तुम्हाला आत्ता कळतंय, कारण याआधी तिला कोणी विचारलंच नव्हतं.

यावर उपाय म्हणून वाट्टेल तेवढं खाऊ द्या असं मी म्हणत नाही. तिच्या वाट्याचं गोड तिला उघड, ताटात, जेवणासोबत मिळू द्या. दुपारी जेवताना एक छोटा तुकडा, तिने निवडलेला. रोज की दिवसाआड, किती, ते डॉक्टरांशी बोलताना तिला शेजारी बसवून ठरवा. तिच्या पाठीमागे नको. लपवावं लागलं नाही की माणूस कमी खातं. हे मी माझ्या सासूबाईंकडून शिकले, आणि महागात शिकले. मी त्यांच्यापासून साखरेचा डबा पिठाच्या कोठीत लपवला होता. त्यांना तिसऱ्या दिवशी सापडला. त्या काही बोलल्या नाहीत, डबा तिथेच ठेवला. फक्त त्या दिवसापासून स्वयंपाकघरात यायच्या बंद झाल्या. भाजी निवडायलासुद्धा नाही. वर्षभर माझं स्वयंपाकघर माझं एकटीचं होतं, आणि अजूनही तो दिवस आठवला की मला कसंतरी होतं.

नातवाला मात्र यातून सोडवा. आजी पैसे देते, बाप रागावतो, पोर मधल्यामध्ये खोटं बोलायला शिकतं. त्याला दुसरं काम द्या. रोज संध्याकाळी आजीला ओट्यावरून देवळापर्यंत चालवत न्यायचं. जेवणानंतर पंधरा मिनिटं चालली तरी साखरेला फरक पडतो, आणि ती चार बायकांत बसेल. वडील गेल्यावर तिच्या दिवसात काय उरलं, हे तुम्ही लिहिलं नाही. वावरात जात नाही, चूल सूनबाईंकडे. रिकाम्या दुपारी चहाच होतो मग.

आणि ते सुरतचे बंधू. तुमचा राग मला समजतो. तीनशे साठ दिवस पथ्य तुम्ही सांभाळायचं, आणि पाच दिवस येऊन घारी भरवून 'माय, खाय वं' म्हणत पुण्य त्यांनी घ्यायचं. त्यांना फोन करा, पण भांडायला नको. रात्री तीनचा प्रसंग जसा घडला तसा सांगा. घाम, थरथर, सगळं. मग म्हणा, पुढच्या खेपेला घारी एकच आण, तिचे चार तुकडे करू, आणि बाकीच्या पैशांच्या ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आण. आल्यावर दोन रात्री मायच्या खोलीत झोपायचं कामही त्यांचं. तीनचा गजर त्यांनाच लावू द्या.

एक गोष्ट लक्षात ठेवा. गोळी बदलली, जेवण सुधारलं, तरी गोडाची ओढ वाढतच राहिली, सोबत स्वभाव बदलला, विसरणं वाढलं, कपड्यांचं-बोलण्याचं भान सुटलं, तर ते मेंदूच्या आजाराचं लक्षण असू शकतं. मग मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. तुमच्या पत्रातली माय मात्र चांगलीच भानावर आहे. 'मन्हाच घरमा माले चोर म्हनस का रे?' हे वाक्य गोंधळलेल्या बाईचं नाही.

त्या वाक्याचं उत्तर तुम्ही द्यायचंय. भाषण नको. कुलूप काढलंत ना, ते कपाटावर ठेवू नका, तिच्यासमोर आणा आणि सांगा, 'माय, तू रात्री काय म्हणत होतीस ते मी ऐकलंच नाही. आता सांग, कसं होतं नेमकं?' ती सुरुवातीला तोंड फिरवेल. बसून राहा. सांगायला लागली की मध्ये बोलू नका, फक्त वेळा लिहून घ्या. डॉक्टरांना त्या लागतील.

तीन महिन्यांनी आखाजी. आंबा आलेला असेल, बहिणी आलेल्या असतील, निंबाला झोका बांधलेला असेल. रसात साखर घालू नका, वाटी छोटी, खापराची पोळी एकच घडी, आणि त्या दिवशी चहा बिनसाखरेचा. एवढं डॉक्टरही बहुतेक मान्य करतील. पहिलं ताट कोणाचं वाढलंत, ते मला कळवा.

तुमची ताई